शून्याखालची जुळणी

३ ऑक्टोबर

आजपासून मी विद्यार्थिनी. एकसष्टाव्या वर्षी. विभागप्रमुखांनी पत्रात लिहिलं होतं की व्याकरणवाल्यांनी या वर्षी आकडेवारीने भाषा हाताळण्याचा वर्ग पुरा करून त्याची सही आणावी, नाहीतर उन्हाळ्यापासून सन्मानाने घरी बसावं. 'सन्मानाने' हा शब्द त्यांनी दोनदा वापरला आहे. एकदा वापरला असता तर कदाचित विश्वास बसला असता.

आणि सही करणार कोण, तर ओताकार ब्लाहा. माझाच विद्यार्थी. त्याच्या शेवटच्या तोंडी परीक्षेत मी त्याला पहिलीऐवजी दुसरी श्रेणी दिली होती, कारण त्याने विशेषणावर उगाच घाई केली. ते तो विसरलेला नाही हे आज पहिल्याच मिनिटाला कळलं.

"कादलेत्सोव्हा बाई, इथे हीटरजवळ बसा. तिकडे खिडकीतून वारा येतो."

सगळ्या पोरांदेखत. म्हातारीची सोय. मी सरळ खिडकीशी जाऊन बसले आणि तास संपेपर्यंत कुडकुडले.

मग फळ्याकडे वळून म्हणतो, "वाक्य कसं असावं ते सांगत बसू नका. लोक काय बोलतात ते मोजा. आणि व्याकरण मला ज्यांनी शिकवलं त्या इथेच आहेत, चुकलो तर त्या टोकतीलच." वर्ग हसला. चिमटा काढायची एक संधी सोडत नाही. त्याने दिलेले कागदसुद्धा इतरांपेक्षा मोठ्या अक्षरांत छापलेले होते. मी ते घडी घालून पिशवीच्या तळाशी टाकले.

१० ऑक्टोबर

डोकं भणभणतंय. यंत्र काय करतं, तर कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द किती वेळा आला ते मोजतं. ठीक. पण एखादी जोडी आजवर कधी आलीच नसेल तर तिची मोजणी शून्य, आणि गुणाकारात एक शून्य आलं की अख्खं वाक्यच अशक्य ठरतं. मग ओताकार म्हणतो, जे शब्द भरपूर दिसतात त्यांच्या वाट्यातलं थोडं काढून घ्यायचं आणि न दिसलेल्यांना द्यायचं.

"आजवर दिसलं नाही म्हणजे कधी होणारच नाही, असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. शून्य लिहू नका. किंचित काहीतरी शिल्लक ठेवा."

हे म्हणताना माझ्याकडे बघत होता. माझ्या बोटांना शाई लागली होती, बहुतेक तेच पाहत असावा.

घरी आल्यावर मोठ्या अक्षरांचे कागद पिशवीतून काढले. वाचायला सोपे जातात. हे इथेच राहो.

१७ ऑक्टोबर

सही मिळवायची तर काम असं. लोकांनी ट्रामच्या कचेरीला पाठवलेले हजारो निरोप आहेत. प्रत्येकावर माणसाने शिक्का मारायचा: तक्रार, टोमणा, की साधी माहिती. त्यावरून यंत्र शिकणार. एकेक निरोप दोघांनी वेगवेगळा वाचायचा, शिक्का एकमेकांना दाखवायचा नाही, निरोपांविषयी अवाक्षर बोलायचं नाही. मग दोघांची जुळणी काढायची. दोघांची मतं सगळीकडे जुळली तर एक. दोघांनी नाणं उडवून शिक्के मारल्यासारखं वाटलं तर शून्य. बोलाचाली केल्याचं आढळलं तर दोघांनाही सही नाही.

एका मुलाने विचारलं, "शून्याखाली जाता येतं का?"

"कागदावर येतं," ओताकार म्हणाला. "पण त्यासाठी दुसऱ्याच्या मनातलं ओळखून नेमकं त्याच्या उलट वागावं लागेल. मी अजून पाहिलेलं नाही."

माझा जोडीदार हिनेक. वाढलेले केस, हिरवा स्वेटर, कोपराला भोक. तो हा वर्ग दुसऱ्यांदा करतोय. या वेळी सही मिळाली नाही तर त्याचं विद्यापीठातून नावच कमी होणार. म्हणजे आम्ही दोघं एकाच दोरीवर लोंबकळतोय.

मला म्हणतो, "बाई, तुमच्यामुळे मी बुडालो तर आजोबांना काय सांगू?"

"माझ्यामुळे बुडालात तर निदान शुद्ध भाषेत बुडाल."

त्याला हसू आवरेना. पोरगा वाईट नाही.

२४ ऑक्टोबर

पहिली जुळणी शून्याच्या जेमतेम वर. वर्गात तळाला आम्ही. ओताकारने एवढंच सांगितलं की मला जिथे तिथे तक्रार दिसते आणि हिनेकला जिथे तिथे टोमणा. पुढचं बोलायला मनाई.

पण मी म्हणते, थंडीत उभं राहून ज्याची ट्राम गेली तो माणूस गंमत कशाला करेल? 'आज ट्राम चक्क आली, तिची तब्येत बरी आहे ना?' हा टोमणा, मान्य. पण 'मी अजून थांब्यावरच आहे' यात टोमणा कुठे आहे? मी तक्रार लिहिलं. त्या पोराने काय लिहिलं असेल कोण जाणे. दिवसभर तेच डोक्यात. कपडे इस्त्री करताना स्वतःशीच वाद घालत होते.

२ नोव्हेंबर

आईबाबांच्या थडग्यावर मेणबत्त्या लावून आले. परतताना विद्यापीठाच्या खानावळीत हिनेक भेटला. मसुराची उसळ आणि उकडलेलं अंडं घेऊन एकटाच बसला होता. मीही ताट घेऊन समोर बसले. निरोपांविषयी एक शब्द नाही, आधीच ठरवून टाकलं. मग बोलायला बाकी सगळं जग उरलं.

त्याला आजोबांनी वाढवलं. ते रेडिओला, नगरपालिकेला, हवामानखात्याला सारखं काहीतरी लिहायचे.

"सगळ्यांना वाटायचं म्हातारा चेष्टा करतोय," हिनेक म्हणाला. "कचेरीत वाचून हसायचे. ते चेष्टा करत नव्हते, बाई. त्यांना खरंच उत्तर हवं असायचं."

तो अंड्याचं टरफल बोटांनी चुरत बसला. म्हणून मी त्याला माझ्या गुडघ्याची ओळख करून दिली. गुडघ्याचं नाव मी 'विभागप्रमुख' ठेवलंय. कधीही अडून बसतो आणि कारण सांगत नाही.

"तुम्ही स्वतःच्या म्हातारपणाला हसता?"

"मग कोणाच्या म्हातारपणाला हसू? दुसऱ्याच्याला हसलं तर लोक वाईट म्हणतात."

११ नोव्हेंबर

आज संत मार्टिनचा दिवस, नव्या वाईनची पिंपं चौकात फोडली. आमचा अख्खा वर्ग तिथे होता. मी आणि हिनेक आता रोज एकत्र जेवतो, त्यामुळे गर्दीत तो आपोआप माझ्या शेजारी आला. थंडी होती, वाईन आंबट होती, आणि मला कधी नाही ते फार बरं वाटत होतं. मी पेला उचलून म्हटलं, "मी व्लास्ता."

असं नुसतं नाव सांगणं म्हणजे अरे-तुरेची परवानगी; ती वयाने मोठ्या माणसानेच द्यायची असते, धाकट्याने मागायची नसते. मी ती विद्यापीठात आजवर कोणालाही दिलेली नाही. हिनेकचे कान लाल झाले. पेल्याला पेला लावून म्हणाला, "मी हिनेक. बाई, म्हणजे… व्लास्ता. तू थंडीत टोपी का घालत नाहीस गं?"

शेजारच्या पिंपाशी ओताकार उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, पेला तसाच भरलेला ठेवला आणि निघून गेला. नवी वाईन त्याला मानवत नसावी.

२१ नोव्हेंबर

जुळणी शून्य पूर्णांक नऊ. वर्गात कोणी शून्य पूर्णांक सहाच्या पुढे गेलेलं नाही. आम्ही तळातून थेट माथ्यावर. मी गुपचूप हिनेककडे पाहिलं, त्याने टेबलाखालून अंगठा दाखवला. उन्हाळ्यानंतरही विद्यापीठातली माझी खोली माझीच राहणार. कुंडीतलं फिकस कोणाला देऊन टाकावं याचा विचार चालला होता, तो थांबवला.

ओताकार अभिनंदन काही म्हणाला नाही. आकड्याकडे नुसता बघत राहिला. दुसरी श्रेणी अजून सलते आहे, दुसरं काय.

५ डिसेंबर

जेवण न करताच लिहायला बसलेय.

ओताकारने आम्हाला खोलीत बोलावलं. दार लावलं. म्हणाला, आमचेच काही निरोप त्याने वरच्या वर्गातल्या एका मुलीला वाचायला दिले. तिची माझ्याशी जुळणी मध्यम. हिनेकशीही मध्यम. फक्त आमची एकमेकांशी भलतीच.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे एकतर तुम्ही शिक्के दाखवता एकमेकांना, किंवा बोलता."

"बोलतो की," हिनेक म्हणाला. "निरोपांविषयी नाही."

"मग कशाविषयी?"

"गुडघ्याविषयी."

ओताकारला ती थट्टा वाटली. त्याचा चेहरा असा झाला की मला जुना, तोंडी परीक्षेतला ओताकार आठवला. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही दोघं अरे-तुरे करता."

"करतो. त्याने काय सिद्ध होतं?"

"काही नाही, बाई. काहीच सिद्ध होत नाही." मग त्याने टेबलावरचे कागद उगाच सरळ केले. "तुम्ही इतक्या थोड्या दिवसांत कोणाला… असो. सुट्टीनंतर दोघांची वेगळ्या खोल्यांत परीक्षा घेईन. नवे निरोप, सगळे अवघड. मी स्वतः निवडेन. जुळणी वर आली तर मी माफी मागेन. खाली आली तर सही नाही. दोघांनाही."

बाहेर आल्यावर हिनेक म्हणाला, "चल, आजोबांना पत्र लिहायला घेतो." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ओताकारचा इतका राग आला की जिना उतरताना गुडघ्याची आठवणसुद्धा झाली नाही.

१५ डिसेंबर

आता आम्ही भेटत नाही. तसं ठरलेलं नाही, पण दोघांनाही कळलंय की एकत्र दिसलो तर संशय वाढेल. खानावळीत तो पलीकडच्या कोपऱ्यात बसतो, मी इकडे. क्नेडलिक, म्हणजे उकडलेल्या पिठाचे गोळे, अर्धे ताटात टाकून उठते.

नाताळची बिस्किटं, व्हॅनिलाच्या चंद्रकोरी भाजल्या. एक डबा हिनेकसाठी भरून विद्यापीठाच्या दरवानाकडे ठेवला. ट्रामच्या थांब्यापर्यंत गेले आणि वाटलं, डब्यात शिक्क्यांची खूण लपवली असं कोणी म्हटलं तर? परत जाऊन डबा उचलून आणला. दरवान म्हणाला, "बाई, तब्येत बरी आहे ना?" त्यालाच मूठभर दिल्या.

१ जानेवारी

नवं वर्ष, मसूर खाल्ली, बरकतीसाठी. बहिणीने फोनवर विचारलं, "एवढा कशाला जीव काढतेस? घरी बस, नातवंडं सांभाळ." माझी नाही, तिची नातवंडं. मी म्हटलं, माझं सोड, पोराचं नाव कमी होईल. ती म्हणाली, "तुझा कोण लागतो तो?" माझं जोडीदारपण एवढंच की ओताकारच्या एका यादीत आमची नावं शेजारी आली.

स्वतःला सारखी विचारतेय, तिथे बसून करू काय? माझा स्वभाव तक्रारीचा. आता तो हिनेकमुळे थोडा बदललाय, पण परीक्षेत भीतीने मूळपदावर आला तर? मी तक्रार लिहीत जाईन, तो टोमणा लिहीत जाईल, आणि पुन्हा ऑक्टोबरसारखी गत. माझ्यापायी त्याचं शिक्षण जाईल.

९ जानेवारी

झालं. आणि मला वाटतं, जमलं.

निरोप खरोखर अवघड होते. पहिलाच असा: 'थांब्यावरचा बाक काढल्याबद्दल आभारी आहे, आता बसायचा मोह होत नाही.' माझं मन म्हणालं, तक्रार. पेन टेकवणार, इतक्यात एकदम सुचलं. मी माझं मत कशाला देतेय? हिनेक काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. तो म्हणेल टोमणा, आणि डोळे मिचकावेल. टोमणा लिहिलं.

मग एक होता: 'माझं वय शहाऐंशी. पायरी फार उंच आहे. मी ट्रामला रोज हात दाखवते, ती रोज निघून जाते, आता आमची ओळख झाली आहे.' मी हसले. म्हातारपणावरचं असलं सगळं मला टोमणाच वाटतं. पण हिनेक इथे हसणार नाही. त्याला आजोबा दिसतील. तक्रार लिहिलं.

अशी सगळी परीक्षा मी हिनेक होऊन दिली. हे नियमात बसतं का, याचा विचार आत्ता लिहिताना मनात आला. बोलले तर नाही मी कोणाशी. बाहेर पडताना त्याच्या खोलीच्या काचेतून तो दिसला. कपाळावर आठ्या आणि ओठ घट्ट मिटलेले. असा चेहरा करून तर मी बसते.

१२ जानेवारी

ओताकारने दोघांना एकदमच बोलावलं. उभ्याउभ्याच सांगितलं, "शून्याखाली."

मला आधी अर्थच लागला नाही. हिनेकने भिंतीला हात टेकला.

"नुसती कमी नाही," ओताकार म्हणाला. "अनोळखी माणसांची येते त्याहून वाईट. मी तीनदा काढली."

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "याचं नाव कमी करू नका. मला आत्ता घरी पाठवा, उन्हाळ्याची वाट बघू नका."

"गप गं, व्लास्ता," हिनेक म्हणाला. "सर, चूक माझी आहे. मी मुद्दाम केलं."

"मुद्दाम काय केलंत?"

हिनेक खाली बघत बोलायला लागला. म्हणाला, मला भीती वाटली की मी आपला टोमणेच लिहीत सुटेन आणि ही बिचारी माझ्यामुळे घरी बसेल. म्हणून मी प्रत्येक निरोप हिच्यासारखा वाचला. बाकाचा निरोप ही तक्रारच धरणार, मी तक्रार लिहिलं. म्हाताऱ्या बाईचा निरोप वाचून ही हसणार, गुडघ्याला हसते तशी, म्हणून टोमणा लिहिलं.

ओताकारने दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. तो एकेका ओळीवर बोट फिरवत गेला. जिथे माझं हे, तिथे हिनेकचं ते. जिथे हिनेकचं हे, तिथे माझं ते. मी म्हटलं, "बाकाला मी टोमणा लिहिलं, कारण याला तो टोमणाच वाटला असता." आणि मग मला हसू आलं, आणि ते रडण्यासारखं झालं. हिनेकने भोक पडलेल्या बाहीनेच डोळे पुसले.

ओताकारने दोन्ही कागद एकावर एक ठेवले. शेवटी म्हणाला, "शून्याखाली जायला दुसऱ्याच्या मनातलं ओळखावं लागतं; नक्कल करणारे तिथे जात नाहीत. हे मी वर्गात सांगितलं होतं, आणि मीच विसरलो. माफी मागतो." त्याने आमचं दोन महिन्यांचं सगळं काम बाजूला काढलं. ते आता यंत्राला देता येणार नाही. दोन वेगळी माणसं एकसारखं म्हणतात तेव्हाच त्याला किंमत असते, आणि आम्ही नोव्हेंबरनंतर दोन वेगळी माणसं राहिलो नव्हतो. सही मात्र मिळणार, दोघांनाही. पुढच्या वर्षीच्या नियमांत तो एक भर घालणार आहे, जोडीदारांनी एकत्र जेवू नये.

निघताना तो मला हळूच म्हणाला, "बाई, मी तुमच्या हाताखाली सहा वर्षं होतो." आणि थांबला. त्याचा इथे काय संबंध, ते कळेना. हिनेक जिन्यात म्हणाला, "व्लास्ता, तू व्याकरणात हुशार असशील, पण बाकी अगदीच ढ आहेस." मी विचारलं का, तर म्हणाला, "मोज म्हणजे कळेल."

१६ जानेवारी

सही घ्यायला गेले. ओताकारच्या खोलीत हीटरजवळ एक खुर्ची होती. माझा गुडघा अडून बसला होता, म्हणून मुकाट्याने तिथे बसले. ऊब चांगली होती. पहिल्या दिवसापासून चांगली असणार.

तो सही करत होता. टेबलावर माझ्या पुढच्या सत्राचे कागद तयार होते, मोठ्या अक्षरांत. मागच्या फळीवर माझं व्याकरणाचं जुनं पुस्तक, कडा झिजलेल्या. मी मोजायला लागले. खुर्ची. कागद. 'व्याकरण मला ज्यांनी शिकवलं त्या इथेच आहेत.' भरलेला ठेवून दिलेला पेला.

"त्या दिवशी चौकातून का निघून गेलात?" मी विचारलं.

"कुठल्या दिवशी?" म्हणाला, पण कान लाल झाले होते. हिनेकचे झाले होते तसेच. पंचेचाळिशीतल्या माणसाचे.

मला स्वतःची फार लाज वाटली. मी उठले, गुडघा कुरकुरला, आणि टेबलावरून हात पुढे केला.

"मी व्लास्ता."

त्याने चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला नाही. माझा हात तसाच हवेत.

"ओळखीला तेवीस वर्षं," तो म्हणाला. "मोजणी शून्य."

"मग?"

"शून्य लिहिलं नव्हतं मी. किंचित काहीतरी शिल्लक ठेवलं होतं." मग त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "मी ओताकार."

त्यानंतर त्याने दोनदा 'व्लास्ता' म्हणून पाहिलं आणि दोन्ही वेळा तोंडातून 'बाई'च आलं. उद्या दुपारी खानावळीत तिघं जेवणार आहोत. तिथे सराव करेल.